किती टनांचा एक टन?

वजनमापांच्या शालेय कोष्टकात टन सर्वांत शेवटी येतो. शंभर किलोंचा एक क्विंटल आणि दहा क्विंटलांचा एक टन, एवढे सांगून कोष्टक संपते, आणि विद्यार्थ्याची अशी समजूत होते की टन हे वजनाचे परिमाण आहे, ते एकच आहे आणि ते एक हजार किलोंचे आहे. या तिन्ही समजुती खोट्या ठरवण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरापासून थिबा राजवाड्यापर्यंतचा पट्टा त्याला पुरेसा आहे. या पट्ट्यात टनाने वजन मोजतात, पोकळ जागा मोजतात, थंडी मोजतात, आणि ज्या लाकडाच्या मोजणीवरून एका राजाला इथे येऊन राहावे लागले ते लाकूडही टनानेच मोजले जात असे. ज्या त्या धंद्यातल्या माणसाला आपला टन तेवढा खरा वाटतो. दुसऱ्याचा टन ही त्याच्या दृष्टीने नुसती बोलण्याची पद्धत असते.

या गोंधळाचे मूळ असे की टन हा जन्माने वजन नव्हेच. इंग्रजीत ‘टन’ म्हणत ते दारूच्या एका अजस्र पिंपाला, ज्यात २५२ गॅलन, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९५४ लिटर द्राक्षमद्य मावत असे. फ्रान्सच्या बोर्दो बंदरातून इंग्लंडला जाणाऱ्या जहाजात अशी किती पिंपे बसतात यावरून जहाजाचा मोठेपणा सांगत आणि करही त्याच हिशेबाने घेत. भांड्याचे माप व्हावे आणि मापाचे वजन व्हावे यात कोकणी वाचकाला नवल वाटण्याचे कारण नाही, कारण पायली हे भांडेही आहे आणि मापही आहे, आणि भाताची पायली व तांदळाची पायली काट्यावर सारखी उतरत नाही हे कुळाला, खोताला आणि घरातल्या बाईला, तिघांनाही पक्के ठाऊक असते. फरक इतकाच की पायलीने आपण वजन असल्याचा आव कधी आणला नाही. टनाने तो आणला, आणि तोही तीन देशांत तीन प्रकारे.

ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा, म्हणजे १,०१६ किलोंचा. अमेरिकन टन २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा. फ्रेंचांचा दशमान टन १,००० किलोंचा. ब्रिटिशांच्या आकड्यामागे एक गमतीदार व्यवहार आहे: त्यांच्या टनात वीस ‘हंड्रेडवेट’ असतात, आणि शंभराचे नाव धारण करणाऱ्या या मापात प्रत्यक्षात ११२ पौंड भरतात. शंभर म्हणायचे आणि एकशे बारा मोजायचे, हा प्रकार पाश्चात्त्य शास्त्रीय बुद्धीला न शोभणारा वाटेल. परंतु नारळ आणि आंबे यांच्या शेकड्यावर काही फळे जास्तीची घालण्याची रीत ज्या प्रदेशात होती, तेथे त्याकडे कोणी भुवई उंचावून पाहिले असेल असे वाटत नाही.

या प्रदेशात टनाच्या आधी त्याच्या जागेवर खंडी होती, आणि अनेकार्थी असण्यात ती टनाला तसूभरही कमी नव्हती. खंडी म्हणजे वीस मण. पण मण कोणता, यावर पुढचे सगळे अवलंबून. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा धरला तर खंडी ५६० पौंडांची होते आणि ब्रिटिश टनात बरोबर चार खंड्या बसतात. रेल्वेचा चाळीस शेरी मण ८२ पौंडांहून थोडा अधिक; तो धरला तर टनात सत्तावीस मण नऊ शेर भरतात. कापसाची खंडी ७८४ पौंडांची; रुईचे भाव आजही ३५६ किलोंच्या खंडीवर सांगितले जातात, ते या हिशेबामुळे. धान्याची खंडी मापाची, तर मेंढ्यांची खंडी नुसती मोजणीची, वीस नगांची, मग मेंढरू हाडकुळे असो वा गुबगुबीत. कोकणातील गलबतांची क्षमताही खंडीत सांगत. तेव्हा टन आला तो काही निष्पाप, एकवचनी समाजात आला नाही. खंडीने त्याच्यासाठी जमीन चांगली भिजवून ठेवली होती. १९५६च्या वजनमाप कायद्यानंतर १ ऑक्टोबर १९५८पासून देशात दशमान वजने येऊ लागली, ब्रिटिश टन सोळा किलोंनी रोडावला, मण आणि शेर हळूहळू म्हणींच्या आश्रयाला गेले, आणि सरकारची अशी समजूत झाली की आता मापांचा घोळ मिटला.

तो मिटला नाही हे सर्वांत आधी रस्त्यावर दिसते. मालमोटारीचा टन हा वजनाचाच, दशमानच, कायद्याने ठरलेला. आणि तरीही ‘पंचवीस टनी गाडी’ म्हणजे काय, याचे उत्तर विचारल्या माणसागणिक बदलते. कायद्याच्या लेखी हा आकडा गाडीच्या एकूण वजनाचा असतो, म्हणजे त्यात गाडी स्वतः, डिझेल, चालक, क्लीनर आणि आरशाला लटकवलेले लिंबू-मिरची हे सर्व आले. मालकाच्या लेखी तो बहुधा मालाचा असतो. जुलै २०१८मध्ये केंद्र सरकारने तीन आसांच्या मालमोटारीची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर नेली, तेव्हा अनेक गाड्या काल जे बेकायदा वाहत होत्या ते आज कायदेशीररीत्या वाहू लागल्या. वजनकाट्यावर काहीच बदलले नाही, बदलला तो कागद. याच गाडीने आंबा घाटाची वाट न धरता कोकण रेल्वेची रो-रो सेवा पकडली, तर टन पुन्हा उलटतो. २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा या मार्गावर सुरू झालेल्या या सेवेत भरलेला ट्रक आगगाडीच्या सपाट वाघिणीवर चढवला जातो. रस्त्यावर मालाचे वजन काढताना गाडीचे वजन वजा करतात. रेल्वेवर गाडी हाच माल असल्याने ते मिळवतात. क्लीनर मात्र दोन्हीकडे फुकट जातो.

आंब्याचे तंत्र वेगळे आहे. हापूस हा डझनाने मोजायचा आणि पेटीने सांगायचा. रत्नागिरीत आंब्याच्या बाबतीत टन हा शब्द बागायतदार सहसा तोंडातून काढत नाही, कारण त्या शब्दात थोडी मानहानी आहे. फळ अडीचशे ग्रॅमचे धरले तर एका टनात चार हजार नग, म्हणजे तीनशे तेहतीस डझन आणि वर चार फळे होतात, आणि ही चार फळे कोणाची, यावर एक स्वतंत्र चर्चा होऊ शकते. पण फळ डागी निघाले, वाऱ्याने पडले, आकाराने लहान राहिले, की ते ‘कॅनिंग’ला जाते, तिथे त्याचा नग पुसला जातो, डझन पुसला जातो, आणि ते किलोत आणि मग टनात जमा होते. ही बढती नव्हे. डझनातून टनात गेलेला आंबा पुन्हा कधी डझनात आल्याची नोंद नाही.

टनाचा खरा पराक्रम पाहायचा तर बंदरावर आले पाहिजे. जहाजाच्या बाबतीत टन म्हणजे वजन नव्हे, जागा, हे गृहस्थाश्रमी माणसाला सहजासहजी पटत नाही. जहाजाचा कर कसा आकारायचा या प्रश्नाला अठराव्या शतकात इंग्रजांनी असे उत्तर शोधले की जहाजाची लांबी आणि रुंदी मोजायची, खोली रुंदीच्या निम्मी आहे असे घरबसल्या गृहीत धरायचे, आणि येणाऱ्या गुणाकाराला ९४ने भागायचे. खोली मोजली जात नाही एवढे कळल्यावर जहाजमालकांनी जे करायचे तेच केले: जहाजे अरुंद आणि खोल बांधली. कर कमी पडू लागला, पोटात माल भरपूर मावू लागला, आणि अशी जहाजे वादळात भलतीकडे कलू लागली. अखेर जॉर्ज मूरसम नावाच्या अधिकाऱ्याच्या समितीने आतील सगळी जागा खरोखरीच मोजण्याची पद्धत सुचवली, आणि १८५४च्या ब्रिटिश कायद्याने ती रूढ झाली. किती जागेला एक टन म्हणायचे, हा प्रश्न राहिला होता. समितीने सर्व नोंदलेल्या जहाजांची जागा काढली, तिला त्यांच्या जुन्या टनांनी भागले, तेव्हा सुमारे ९८ घनफुटांना एक टन पडला. मग सोयीसाठी सरळ १०० घनफूट ठरवले गेले. यालाच ‘रजिस्टर टन’ म्हणतात. त्यात वजनाचा लवलेशही नाही. शंभर घनफुटांत कापूस भरा, लोखंड भरा किंवा नुसती खारी हवा कोंडा, टन एकच.

आता शंभर घनफूट हा आकडा रत्नागिरीत एका वेगळ्याच माणसाच्या तोंडी असतो, आणि तो माणूस म्हणजे रेतीवाला. खाडीतून हातपाटीने काढलेली रेती, डबर, खडी, मुरूम हे सगळे महाराष्ट्रात ब्रासने विकले जाते, आणि एक ब्रास म्हणजे बरोबर शंभर घनफूट. म्हणजेच जहाजाचा रजिस्टर टन आणि गवंड्याचा ब्रास हे एकच माप आहे. एक लंडनच्या कायद्यातून आला, दुसरा बांधकामाच्या फळकुटांतून, आणि धक्क्याच्या दोन टोकांना उभे राहूनही दोघांची एकमेकांशी ओळख नाही. पाचशे रजिस्टर टनांच्या जहाजाला ‘पाचशे ब्रासचे जहाज’ म्हटले तर बंदर अधिकारी दुखावेल, पण ते अक्षरशः खरे असेल. गंमत पुढे आहे. एक ब्रास रेती काट्यावर घातली तर ओलाव्याप्रमाणे ती साडेचार टनांच्या आसपास भरते. एकाच ढिगाला बंदरावरचा माणूस एक टन म्हणू शकतो, वजनकाट्यावरचा माणूस साडेचार टन म्हणतो, तलाठी एक ब्रास लिहितो, आणि तिघांपैकी कोणावरही खोटे बोलल्याचा गुन्हा दाखल होऊ शकत नाही. रेतीच्या व्यवहारात असा गुन्हा नोंदवण्याची इतर कारणे पुरेशी असल्याने हे कोणाच्या लक्षात आलेले नसावे. त्यात ब्रास स्वतःही सरळ नाही: रेतीचा ब्रास शंभर घनफूट, तर फरशीचा आणि गिलाव्याचा ब्रास शंभर चौरस फूट, त्यामुळे एका ब्रास रेतीत किती ब्रास गिलावा होतो, हा प्रश्न भाषेच्या दृष्टीने निरर्थक आणि घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने जिवाभावाचा आहे.

जहाजाच्या टनाला पुढे आणखी शुद्ध करण्यात आले. १९६९च्या आंतरराष्ट्रीय कराराने, जो १९८२मध्ये अमलात आला, जहाजाची आतली जागा घनमीटरमध्ये मोजून तिला एका बदलत्या गुणकाने गुणायचे ठरवले, आणि तो गुणक काढण्यासाठी लॉगॅरिदम वापरला. दहा हजार घनमीटर जागेचे जहाज या सूत्रात २,८०० भरते. हे २,८०० काय, असे विचारले तर शास्त्रशुद्ध उत्तर आहे: काहीच नाही, तो नुसता आकडा आहे, त्याला एकक नाही. त्याला ‘ग्रॉस टनेज’ म्हणतात. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली पहिले आलेले रँग्लर परांजपे याच जिल्ह्यातील मुर्डीचे. त्यांच्या भूमीत लॉगॅरिदमचे भय कोणी धरू नये, पण ज्यात टन नाही अशा गोष्टीला टनेज म्हणून तिच्यावर बंदराचे शुल्क भरायचे, हे पचायला रँग्लरपेक्षा वकील अधिक उपयोगी पडेल.

जयगडच्या बंदरात कोळसा घेऊन येणाऱ्या मोठ्या जहाजाच्या अंगावर त्यामुळे एकाच वेळी अनेक टन नांदत असतात. पावणेदोन लाख टन भार घेणाऱ्या अशा जहाजाचे ग्रॉस टनेज नव्वद हजारांच्या आसपास असते, म्हणजे त्याच्या पोटात त्याच्या स्वतःच्या टनांच्या जवळजवळ दुप्पट टन मावतात. मालासह सगळ्या जहाजाने जेवढे पाणी बाजूला सारले त्या पाण्याचे वजन हा आणखी एक टन. तो युद्धनौकांना लावतात, कारण त्या माल वाहत नाहीत आणि त्यांना काहीतरी लावणे भाग असते. भाडे आकारणाऱ्या कंपनीचा टन सर्वांत व्यवहारी म्हणावा लागेल. एक हजार किलो किंवा एक घनमीटर, यांपैकी जे जास्त भरेल त्यावर भाडे, असा तिचा नियम. लोखंड पाठवा, ती वजन बघते. फोमच्या गाद्या पाठवा, ती जागा बघते. टन म्हणजे नेमके काय याबद्दल शास्त्रज्ञांनी कितीही वाद घालावा, हिशेबनीस माणसाने त्याची निर्दोष व्याख्या करून ठेवली आहे: टन म्हणजे ज्यात पैसे अधिक मिळतात ते.

मिरकरवाड्यात या सगळ्याच्या शेजारी थंडीचा टन आहे. मासेमारीला निघणारी नौका डिझेल, पाणी आणि शिधा यांच्याबरोबर बर्फ भरते. सुरमई आणि पापलेट यांचा भाव धक्क्यावर येईपर्यंत टिकतो तो त्याच्या जोरावर. हा बर्फ टनाने मोजतात आणि तो टन वजनाचा असतो, निदान कारखान्यातून निघताना तरी. बर्फ हा असा माल आहे की ज्याचा टन वाटेत आपण होऊन कमी होतो. १८३३ साली बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने ‘टस्कनी’ या जहाजातून कलकत्त्याला १८० टन नैसर्गिक बर्फ धाडला, तो चार महिन्यांनी पोहोचला तेव्हा सुमारे १०० टन उरला होता, आणि तरीही व्यापारात फायदा झाला. वितळलेले ऐंशी टन समुद्रात मिळाले, पण त्याबद्दल जकात कोणी मागितली नाही.

पुढे यंत्राने थंडी निर्माण होऊ लागली आणि यंत्र विकणाऱ्यांपुढे अडचण उभी राहिली, कारण गिऱ्हाइकाला बर्फ समजत होता, थंडी समजत नव्हती. तेव्हा अमेरिकेत असे ठरले की चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता जे यंत्र चोवीस तासांत ओढून काढील ते एक टनाचे यंत्र. बर्फाची सोय संपली, बर्फगाडा गेला, टन मात्र राहिला. हा टन अर्थातच अमेरिकन, ९०७ किलोंचा. तासाला १२,००० ब्रिटिश औष्णिक एकके किंवा साडेतीन किलोवॉट असा त्याचा आजचा हिशेब. म्हणजे भारताने १९५८नंतर ब्रिटिश टन मोठ्या समारंभाने दाराबाहेर काढला आणि अमेरिकन टन गच्चीवर नेऊन बसवला. रत्नागिरीच्या दमट उन्हाळ्यात दीड टनाचा एसी दोन माणसे जिन्यावरून खांद्यावर घेऊन जातात, तेव्हा खाली उभ्या असलेल्या आजोबांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते ते अज्ञान नव्हे. ते टनाच्या मूळ अर्थाशी एकनिष्ठ राहिलेले असतात. विक्रेत्याच्या तोंडी तर टन हे क्षेत्रफळाचे माप झालेले आहे: दहा बाय बाराच्या खोलीला एक टन पुरे, असे तो छातीठोकपणे सांगतो, म्हणजे फरशीवाल्याच्या सव्वा ब्रासला एसीवाल्याचा एक टन पडतो. छत पत्र्याचे आहे की कौलांचे, पश्चिमेला खिडकी आहे की नाही, खोलीत माणसे दोन की नऊ, हे तो नंतर विचारतो, बहुधा तक्रार आल्यावर.

बर्फाच्या कारखान्यात हे दोन्ही टन समोरासमोर येतात आणि त्यांचे जमत नाही. थंडीचा टन धरला आहे तो शून्य अंशावरच्या बर्फाच्या वितळण्यावर. कारखान्यात येते ते तीस अंशांचे पाणी, ते आधी थंड करायचे, मग गोठवायचे, आणि त्यात भिंतींतून, पाइपांतून आणि सारख्या उघडल्या जाणाऱ्या दारांतून आत येणारी उष्णता वेगळी. शिवाय एक टन अमेरिकन, दुसरा दशमान. परिणामी दिवसाला एक टन बर्फ करण्यासाठी दीड टनाहून अधिक टनाचे यंत्र लागते. मालकाला हे ठाऊक असते, तंत्रज्ञाला ठाऊक असते. तांडेलाला ते ठाऊक असण्याची गरज नसते, कारण तो लादी मोजून घेतो.

ऊर्जेच्या व्यवहारातील टन इतके निराकार आहेत की त्यांचा उल्लेख करून पुढे जाणे बरे. दाभोळचा वायू प्रकल्प, जो दाभोळला नसून खाडीच्या पलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे, तेथील द्रवरूप वायूच्या टर्मिनलची क्षमता वर्षाला पन्नास लाख टन अशी सांगितली जाते. ज्या पदार्थाने मोकळे सुटताच सहाशे पट पसरायचे, त्याला टनात बांधण्याची ही धडपड आहे. स्फोटकांच्या टनाचे नाव ऐकून माणूस दचकतो, पण प्रमाण धरलेल्या एका टन कोळशात टीएनटीच्या सात टनांइतकी ऊर्जा असते. कोळसा ती सावकाश आणि कारकुनी पद्धतीने देतो, एवढाच फरक. शुद्ध कार्बनचा एक टन जाळला तर हवेतला प्राणवायू मिळून कर्बवायूचे पावणेचार टनांच्या जवळ वजन होते, आणि आजच्या बाजारात ते पावणेचार टन न सोडल्याबद्दलही पैसे मिळू शकतात. न केलेल्या धुराचा टन विकला जाणे, ही व्यापाराची अद्वैतसिद्धीच म्हटली पाहिजे.

थिबा राजवाड्याशी येणारा टन मात्र लाकडाचा आहे आणि त्याची हकीकत विनोदी म्हणावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. ब्रह्मदेशातील सागाच्या व्यापारात टन हे घनफळाचे माप होते: फळ्या-तुळया असतील तर पन्नास घनफुटांचा एक टन, आणि गोल ओंडके असतील तर पन्नास ‘हॉपस’ फुटांचा. एडवर्ड हॉपस या अठराव्या शतकातील इंग्रजाच्या पद्धतीत ओंडक्याचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा करायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. असे केले की ओंडक्याच्या खऱ्या घनफळापैकी सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच हिशेबात येते. उरलेले साडेएकवीस टक्के सालीत, भुशात आणि करवतीत जाणार, असे समजायचे. त्यामुळे ओंडक्याचा टन फळीच्या टनापेक्षा सव्वापटीहून मोठा निघतो. घेणाऱ्याला ही पद्धत न्याय्य वाटते. झाड ज्याचे त्याला तशी वाटण्याचे कारण नाही.

मुंबईत १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मदेशाच्या राजाच्या जंगलांतून साग काढीत असे. १८८५ साली मंडालेच्या दरबाराने तिच्यावर असा ठपका ठेवला की जितके ओंडके जंगलाबाहेर गेले तितक्यांचे स्वामित्वधन भरलेले नाही, आणि सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने आपली मोजणी पुढे केली, दरबाराने आपली. मोजणीचा वाद सहसा पुन्हा मोजून मिटवतात. हा लष्कर पाठवून मिटवण्यात आला. फ्रेंचांचा मंडालेतील वाढता वावर हे त्या युद्धाचे आणखी एक कारण होते, आणि इंग्रजांना निमित्तच हवे होते असेही इतिहासकार म्हणतात. पण निमित्त मिळाले ते ओंडक्यांच्या हिशेबाचे. नोव्हेंबर १८८५मध्ये युद्ध सुरू झाले, काही आठवड्यांत संपले, आणि एप्रिल १८८६मध्ये थिबा राजा राणीसह रत्नागिरीत आणला गेला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१०च्या सुमारास पुरा झाला. १९१६ साली राजा वारला. आज सहलीला येणारे लोक गच्चीवरून भाट्याची खाडी पाहतात, मुले जिन्यावर धावतात, आणि हा सगळा डोलारा मोजदादीतल्या तफावतीवर उभा आहे, याची दखल माहिती सांगणारा वाटाड्या क्वचितच घेतो. मोजणीत फरक पडल्यावर रेतीवाल्याचा डंपर जप्त होतो, हे पाहिलेल्या रत्नागिरीकराला राजाचे राज्य जप्त होणे फारसे अनपेक्षित वाटू नये.

टनांच्या या गोतावळ्यात सर्वांत हलका टन खनिजतज्ज्ञांचा आहे. खाणीतल्या दगडात सोने किती, हे काढताना अख्खा टन दगड भट्टीत घालणे शक्य नसते, म्हणून अमेरिकन प्रयोगशाळांनी २९.१६७ ग्रॅमचा एक ‘परीक्षा टन’ ठरवला. एवढ्या चुऱ्यात जितके मिलिग्रॅम सोने निघेल, तितके औंस सोने एका खऱ्या टनात आहे, असा तो सोयीचा हिशेब. योगायोग असा की २९.१६७ ग्रॅम म्हणजे जुन्या, १८० ग्रेनच्या तोळ्याने जवळजवळ अडीच तोळे. म्हणजे एक टन ऐवज नवरीच्या गळ्यात घालून वर कोणाच्या डोळ्यांत न येता मांडवात फिरवता येईल. रत्नागिरीच्या सराफांनी हा टन स्वीकारलेला नाही, आणि त्यांचे बरोबरच आहे, कारण त्यांचा स्वतःचा घोळ त्यांना पुरेसा आहे: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा आणि तो तोळा ११.६६ ग्रॅमचा, हे कोष्टक म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असते, तर दुकानातला तोळा आता दहा ग्रॅमचा झालेला असतो. त्यामुळे आजीच्या हिशेबाने अडीच तोळ्यांचा असलेला हा टन दुकानाच्या हिशेबाने तीन तोळ्यांना टेकतो, आणि घडणावळ कोणत्या तोळ्यावर धरायची यावरून जी बोलाचाली सुरू होते, तिच्यात टनाचे नावही निघत नाही.